सही करता येईल असा आकडा

सप्टेंबर २०१८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान यंत्रणेने टेक्सास राज्यासाठी पावसाचं नवं कोष्टक प्रसिद्ध केलं. ह्यूस्टन शहरात ‘शंभर वर्षांतून एकदा’ पडेल असा चोवीस तासांचा पाऊस किती धरायचा, याचं जुनं उत्तर होतं १३ इंच, म्हणजे सुमारे ३३० मिलिमीटर. नव्या कोष्टकात ते १८ इंच झालं, म्हणजे सुमारे ४६० मिलिमीटर. ज्याला शतकातून एकदाचा पाऊस म्हणत होते तो साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकतो, असा त्याचा अर्थ. आधीचे आकडे १९६० आणि ७०च्या दशकांतले होते. मधल्या काळात त्या शहरात जेवढ्या पर्जन्यवाहिन्या टाकल्या, जेवढे पूल बांधले, घरांची जोती जेवढी उचलली, त्या सगळ्यांचं गणित त्या जुन्या आकड्यावरच केलेलं होतं.

यात कुणी हलगर्जीपणा केला, असं म्हणता येत नाही. अभियंत्यांनी कोष्टक उघडलं, आकडा घेतला, हिशेब केला, सही केली. कोष्टकच शिळं होतं. आणि ते ताजं ठेवण्यासाठी राष्ट्रीय यंत्रणेला वर्षानुवर्षं स्वतंत्र, नियमित निधी नव्हता. राज्यं आणि इतर खाती जसजसे पैसे काढून देतील तसतसा एकेका भागाचा खंड निघायचा. महासंगणक, उपग्रह आणि जगातले नामांकित हवामानशास्त्रज्ञ ज्या देशात आहेत, तिथली ही गोष्ट.

हवामानबदलाची माहिती गावोगावच्या प्रशासनापर्यंत पोहोचवणारी राष्ट्रीय सेवा कशी असावी, या प्रश्नाकडे मी या कोष्टकाच्या बाजूने बघतो. एरवी ही चर्चा दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. जिनेव्हात २००९ साली तिसरी जागतिक हवामान परिषद झाली. तिथे हवामान सेवांचा जागतिक आराखडा उभारायचं ठरलं. शेती, पाणी, आरोग्य, आपत्ती आणि नंतर ऊर्जा ही क्षेत्रं नेमली गेली. त्यानंतरच्या वर्षांत अनेक देशांनी आपापली पोर्टलं काढली. पोर्टल काढणं सरकारला आवडतं. त्याचं उद्घाटन करता येतं, रंगीत नकाशे पडद्यावर फिरवून दाखवता येतात, आणि ते कुणी वापरलं नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही.

लहान नगरपालिकेतला एखादा अभियंता डोळ्यांसमोर आणा. देश कुठलाही चालेल. त्याला नाल्यावर मोरी बांधायची आहे. तिचं आयुष्य पन्नास वर्षं. तो पोर्टल उघडतो. तिथे तीसेक प्रारूपं, म्हणजे भविष्यातलं हवामान काढणारी संगणकी गणितं आहेत, हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या चार-पाच शक्यता आहेत, शतकाचे तीन तुकडे पाडलेले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी दहावा, पन्नासावा, नव्वदावा शतमक, म्हणजे अंदाजाच्या पट्ट्यातला खालचा, मधला आणि वरचा आकडा दिला आहे. यातला कुठला आकडा मोरीसाठी घ्यायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. तो पोर्टल बंद करतो आणि कपाटातलं जुनं कोष्टक काढतो.

त्याला माहितीचं महत्त्व कळत नाही, असा निष्कर्ष काढायला परिसंवादात बरं वाटतं. पण त्याच्या खुर्चीत बसून बघा. मोरीचा व्यास वाढवला तर अंदाजपत्रक वाढतं. वरिष्ठ तांत्रिक मंजुरी देताना विचारतात, हे कशाच्या आधारावर? पुढे लेखापरीक्षक जादा खर्चावर आक्षेप घेतो. ‘एका संकेतस्थळावरचा नकाशा’ हे उत्तर तिथे टिकत नाही. उलट जुन्या कोष्टकाप्रमाणे मोरी बांधली आणि ती वाहून गेली, तर ‘अभूतपूर्व पाऊस’ एवढे दोन शब्द पुरतात. जुन्या आकड्याने त्याची नोकरी सुरक्षित राहते, नव्याने धोक्यात येते. अशा व्यवस्थेत कितीही बारीक नकाशा दिला तरी निर्णय बदलणार नाही. अभियंत्याला हवं आहे ते संरक्षण.

म्हणून माझं म्हणणं असं की राष्ट्रीय सेवेने सर्वांत आधी सही करता येतील असे आकडे द्यावेत. कुठल्या भागात, किती आयुष्याच्या बांधकामाला, तासाचा आणि दिवसाचा किती पाऊस धरायचा. समुद्राची पातळी किती चढेल असं मानून धक्का बांधायचा. कुठल्या तापमानाला शाळा दुपारी सोडायच्या. आकड्याखाली प्रकाशित करणाऱ्या संस्थेचं नाव हवं, तारीख हवी, आणि तो अंदाजपत्रकात, निविदेत, बांधकाम परवान्यात वापरणं नियमाने बंधनकारक हवं. नकाशे, प्रारूपं, संशोधनपर विदा (डेटा) या सगळ्याची गरज आहेच, पण ती त्या आकड्याच्या मागे.

हे अशक्य कोटीतलं नाही. कोपनहेगनवर २ जुलै २०११ रोजी दोन तासांत सुमारे दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला, तळघरं भरली, विमा कंपन्यांचे हिशेब कोसळले. शहराने पुढच्याच वर्षी ढगफुटीसाठी आराखडा केला. पण मोठ्या शहराकडे तज्ज्ञ असतात, बाकीच्यांनी काय करायचं? २०१९मध्ये डेन्मार्कच्या हवामान संस्थेने ‘क्लिमाॲटलस’ हा हवामानाचा ॲटलस काढला. त्यात आकडे नगरपालिकेनुसार आणि पाणलोटानुसार लावले आहेत. ही मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. शास्त्रज्ञ पृथ्वीचे चौकोन पाडून विचार करतात, तर खर्चाचा अधिकार असतो नगरपालिकेला. चौकोनाला ना अध्यक्ष असतो ना अर्थसंकल्प.

नेदरलँड्सची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथल्या १८५४ साली स्थापन झालेल्या हवामान संस्थेने २००६ आणि २०१४मध्ये देशासमोर चार-चार शक्यता ठेवल्या, २०२३मध्ये सहा. हवे असते तर शेकडो आलेख देता आले असते. पण शक्यता मोजक्याच असतील तर जलमंडळं (पाण्याचा कारभार बघणाऱ्या स्थानिक संस्था), प्रांत आणि नगरपालिका एकाच पायावर वाद घालू शकतात. देशातल्या प्रत्येक नगरपालिकेने पूर, दुष्काळ, उष्णता यांसाठी आपल्या हद्दीची ताण-चाचणी २०१९पर्यंत करावी, असंही तिथे ठरलं होतं. चाचणी कशावर घ्यायची याचा संच आधीच ठरलेला असल्यामुळे ते मागता आलं. शंभर शक्यतांमधून सहा निवडण्याचं ओझं संस्थेने स्वतःच्या डोक्यावर घेतलं. माझ्या मते सेवा म्हणजे हीच. उरलेलं सगळं साठवण.

आता या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप. तो शास्त्रज्ञांकडूनच येतो आणि तो खरा आहे. जागतिक प्रारूपांचे चौकोन साधारण शंभर किलोमीटरचे असतात. प्रादेशिक प्रारूपं बारा किलोमीटरपर्यंत उतरली. ब्रिटनने २०१९मध्ये २.२ किलोमीटरची आवृत्ती दिली. पण चौकोन लहान झाला म्हणून खात्री वाढत नाही. ढोबळ प्रारूपातली चूक बारीक चौकोनांत वाटली तर आपल्याला फक्त बारीक चूक मिळते, वर ती जास्त विश्वासार्ह दिसते हा आणखी तोटा. पावसाच्या बाबतीत तर पृथ्वीच्या काही भागांत तो वाढणार की घटणार यावरच प्रारूपांचं एकमत नाही. शिवाय पुढच्या वीस-तीस वर्षांत एखाद्या लहान प्रदेशात जे घडेल त्यात निसर्गाच्या स्वाभाविक चढउताराचा वाटा मोठा असणार आहे. अशा वेळी एकच आकडा छापून देणं म्हणजे खोटी खात्री विकणं, असं ते म्हणतात.

ही भीती पोकळ नाही. १९९७च्या वसंतात अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्स शहराला रेड नदीचं पाणी ४९ फुटांपर्यंत चढेल असा अंदाज मिळाला. लोकांनी बांध त्याहून थोडा उंच केला आणि ते निर्धास्त झाले. पाणी ५४ फुटांवर गेलं, शहर रिकामं करावं लागलं. अंदाजात पाच फुटांची चूक होऊ शकते हे अंदाज करणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. ते आकड्याबरोबर सांगितलं गेलं नाही. ते सांगितलं असतं तर शहराने बांध आणखी उंच करायचा की माणसं हलवायची, याचा विचार वेळेत केला असता.

तरीही आक्षेपाचा निष्कर्ष मला मान्य नाही. एक तर जुना आकडाही अंदाजच होता. चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांतला पाऊस काढायचा म्हणजे दुसरं काय? फक्त त्याची अनिश्चितता कोष्टकात छापत नव्हते, म्हणून तो दगडावरची रेघ वाटायचा. दुसरं असं की अनिश्चितता सगळीकडे सारखी नाही. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र आहे. एखाद्या खोऱ्यातला वार्षिक पाऊस वाढेल की घटेल यावर वाद चालू राहू द्या. थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसाचा जोर वाढणार, यावर पुरेसं एकमत आहे आणि मोरीला नेमकं तेच लागतं. ह्यूस्टनच्या नव्या कोष्टकात तर भविष्यातली तापमानवाढ धरलेलीच नव्हती. केवळ अलीकडच्या नोंदी मिळवल्या एवढ्याने १३चे १८ झाले. निव्वळ वेळेवर हिशेब करण्यातूनच एवढा फरक पडत असेल, तर परिपूर्ण प्रारूपाची वाट बघत थांबायला कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अनिश्चिततेच्या पट्ट्यातून कुठला आकडा उचलायचा, हा शास्त्राचा प्रश्नच नाही. दहा वर्षांत उखडून पुन्हा करायच्या रस्त्याला मधला आकडा चालेल. ज्या इमारतीत पाणी शिरलं तर रुग्ण दगावतील तिला वरचा घ्यावा लागेल. मैदानाच्या गटाराला खालचाही पुरेल, चार तास चिखल झाला तर झाला. कुणाच्या जिवावर किती जोखीम टाकायची, हा राजकीय निर्णय आहे आणि तो उघडपणे, विधिमंडळात, एकदाच व्हायला हवा. आज तो देशभरातल्या हजारो टेबलांवर, कुणाच्याही नकळत, जुन्या कोष्टकाच्या रूपाने होतो. शास्त्रज्ञांनी पट्टा द्यावा आणि लोकप्रतिनिधींनी त्यातून निवडीचा नियम करावा. राष्ट्रीय सेवेने दोन्हींची सांगड घालून कनिष्ठ अभियंत्याला एक आकडा आणि त्याची दोन टोकं द्यावीत.

काही निर्णयांना तर आकड्यापेक्षा वेळापत्रक लागतं. लंडनला टेम्स नदीवरचा पूरनियंत्रक अडसर १९८०च्या दशकाच्या आरंभापासून काम करतो आहे. समुद्र शतकअखेर किती चढेल हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या टेम्स खाडीच्या आराखड्याने त्यातून वाट काढली ती अशी: पातळी अमुक इतकी वाढली की तमुक काम हातात घ्यायचं, आणि काम पुरं व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढी आधी निर्णय घ्यायचा. दर दहा वर्षांनी सगळं पुन्हा तपासायचं. २०२३मध्ये तो आराखडा अद्ययावत झाला. इथे हवामान सेवेने फक्त पातळी मोजत राहायचं आणि उंबरठा जवळ आला की घंटा वाजवायची. भाकितं कमी, पहारा जास्त.

पहारा म्हटला की नोंदी आल्या, आणि या विषयातली खरी गरिबी इथेच आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या केंद्रावर, ७४ मिलिमीटरच्या आसपास. केवळ कुलाब्याचंच केंद्र असतं तर सरकारी दप्तरात तो पावसाळ्यातला एक साधा दिवस ठरला असता. शहरातल्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या होत्या. ती क्षमता दुप्पट करण्याची शिफारस १९९३मध्येच झाली होती आणि बारा वर्षं बरीचशी कागदावर राहिली. त्या दिवसानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. जगातल्या बहुतेक गावांना मात्र मोजणारं केंद्र मिळत नाही आणि आपत्तीनंतरही ते येत नाही. जिथे तीस वर्षांच्या स्थानिक नोंदी नाहीत तिथे प्रारूप बरोबर आहे की चूक, हेही तपासता येत नाही. गरीब देशांमधल्या केंद्रांच्या देखभालीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२१मध्ये एक निधी उभारला, तो याच कारणाने. नवी यंत्रं बसवायला देणगीदार मिळतात. बॅटरी बदलायला, गवत कापायला, नोंद तपासणाऱ्याचा पगार द्यायला मिळत नाहीत.

असलेल्या नोंदी तरी खुल्या असाव्यात. काही देशांत हवामान खातं आपल्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याला नोंदी विकतं. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्याच्या या व्यवहारात मधल्या मध्ये पाच-सहा महिने जातात. अमेरिकेने २००८मध्ये लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रं मोफत केली. त्याआधी चांगल्या वर्षात पंचवीस हजारांच्या घरात छायाचित्रं विकली जात, नंतर वर्षाला दहा लाखांच्या पुढे ती उतरवून घेतली जाऊ लागली. जर्मनीने २०१७मध्ये कायदा बदलून हवामान सेवेची विदा खुली केली. यावर आणखी युक्तिवाद करायची गरज मला दिसत नाही.

पाऊस सोडून उष्णतेकडे वळलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते: लागणारी अर्धी माहिती हवामान खात्याकडे नसतेच. अहमदाबादमध्ये मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसं जास्त दगावली. त्यानंतर महापालिकेने आरोग्य संशोधकांना बरोबर घेऊन २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला. त्याचे उंबरठे ठरवताना शहरातली रोजची तापमानं आणि रोजचे मृत्यू शेजारी शेजारी मांडून बघितले गेले. पिवळा, नारिंगी, लाल असे टप्पे ठरले. ४५ अंशांच्या पुढे लाल. देशभराच्या सरसकट व्याख्येतून हे निघालं नसतं, कारण किती उष्णतेला माणूस कोलमडतो हे त्या शहरातल्या घरांवर, कामांवर, सवयींवर ठरतं. ती नोंद दवाखान्याच्या आणि जन्म-मृत्यूच्या वहीत असते. राष्ट्रीय सेवेने सगळं वरून खाली पाठवायचं, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. काही आकडे खालूनच वर यावे लागतात.

जपानने हे धागे बऱ्यापैकी एकत्र विणले आहेत. २०१६मध्ये त्यांनी हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या कामासाठी माहितीचं राष्ट्रीय व्यासपीठ सुरू केलं. २०१८च्या कायद्याने ते चालवण्याची जबाबदारी राष्ट्रीय पर्यावरण अध्ययन संस्थेकडे सोपवली आणि स्थानिक पातळीवर अशी केंद्रं काढण्याचं काम प्रांतांकडे दिलं. प्रांतांवरचं ते बंधन ‘प्रयत्न करावा’ एवढंच आहे, त्यामुळे सगळीकडे सारखं काम झालेलं नाही. पण २०२३च्या दुरुस्तीत त्यांनी जे केलं ते मला आदर्श वाटतं. तापमान, दमटपणा आणि ऊन यांचा मिळून जो निर्देशांक असतो तो प्रांतातल्या सर्व केंद्रांवर ३५ला पोहोचणार असं दिसलं की विशेष इशारा निघतो. इशारा निघाला की नगरपालिकांनी आधीच नेमलेली थंड निवारास्थानं उघडावीच लागतात. कुणी परिपत्रकाची वाट बघत बसत नाही. आकडा आणि कुलपाची किल्ली कायद्यानेच एकत्र बांधली.

आता माणसांबद्दल, कारण नियम आणि कोष्टकं आपोआप चालत नाहीत. भारतात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीवरची कृषी-हवामान एककं होती. तिथला तज्ज्ञ अंदाज वाचून तालुक्याच्या पिकांप्रमाणे सल्ला तयार करायचा: फवारणी दोन दिवस थांबवा, काढलेला माल झाका, पेरणीची घाई नको. अशी १९९ एककं २०२४च्या मार्चअखेर बंद करण्यात आली. अशा निर्णयांमागचा युक्तिवाद ठरलेला असतो: नोंदी आता यंत्रं घेतात, सल्ला संगणक तयार करतो, मग माणूस कशाला? युक्तिवाद करणाऱ्याला त्या माणसाचं काम नोंद घेणं एवढंच वाटतं. शेतकरी उलटून प्रश्न विचारतो, मागच्या वेळी तुमचा अंदाज चुकला होता असं सुनावतो, आणि त्याला उत्तर द्यायला कुणीतरी असतं; विश्वास तयार होतो तो तिथे. मोबाइलवर आलेल्या संदेशाशी भांडता येत नाही.

माणूस असला म्हणजे झालं, असंही नाही. मालीने १९८२मध्ये, सत्तरच्या दशकातल्या भीषण दुष्काळानंतर, शेतकऱ्यांना हवामान सल्ला देण्याचा कार्यक्रम सुरू केला. शेतकऱ्यांच्या हाती पर्जन्यमापक दिले, रेडिओवरून सल्ला दिला, शेती आणि हवामान खात्याची माणसं एका टेबलाशी बसवली. या कार्यक्रमाचं जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण पुढे केलेल्या पाहणीत दिसलं की सल्ल्याचा उपयोग मुख्यतः नांगर आणि बैल बाळगणाऱ्या पुरुषांना होत होता. आज पेरा असं सांगितल्यावर आजच पेरायला अवजार लागतं. ज्या बाईची पाळी सगळ्यांची नांगरणी झाल्यावर येते तिला तारीख कळून काय उपयोग?

झिंबाब्वेत १९९७-९८च्या हंगामात तर माहितीने नुकसानच केलं. एल निन्यो आला, पाऊस कमी पडण्याची शक्यता जास्त आहे असा अंदाज निघाला. शक्यतेची भाषा लोकांपर्यंत जाता जाता गळून पडली आणि ‘दुष्काळ येणार’ एवढंच उरलं. बँकांनी शेतकऱ्यांचं कर्ज आखडतं घेतलं. कर्ज नाही म्हणून बियाणं नाही, म्हणून पेरा कमी. पाऊस भीती घातली होती तितका वाईट झाला नाही, पण पेरलंच नव्हतं तर उगवणार काय? अंदाज प्रथम कुणाच्या हाती पडतो आणि तो त्याचं काय करू शकतो, याचा विचार सेवेच्या आखणीतच व्हायला हवा. बँक, विमा कंपनी, व्यापारी यांना माहिती वापरायला शिकवावं लागत नाही. त्यामुळे दुबळ्या माणसासाठी वेगळी व्यवस्था केली नाही तर प्रत्येक नवी माहिती सेवा बळकटांचं बळ वाढवते.

हे सगळं खासगी कंपन्यांवर सोडावं, असं सुचवणारे आहेत. घरागणिक, कारखान्यागणिक पुराचा आणि वणव्याचा धोका किती हे सांगणारे गुण विकणारा धंदा आता मोठा आहे. मला त्यांच्या असण्यावर आक्षेप नाही. मात्र एकाच घराला दोन कंपन्या फार वेगळे गुण देतात आणि आतलं गणित गुपित ठेवतात. सरकारी कोष्टक चुकलं तर निदान न्यायालयात ओढता येतं, विधिमंडळात प्रश्न विचारता येतो.

राजकारणाची अडचण मात्र खरी आहे आणि ती माझ्याच सूचनेने वाढते. पोर्टल कुणाला खुपत नाही, कारण त्याच्या आधारे काही करावं लागत नाही. आकड्याला नियमाचं बळ आलं की जमिनीचे भाव बदलतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शास्त्रज्ञांच्या समितीने २०१०मध्ये सांगितलं की इसवी सन २१००पर्यंत समुद्र ३९ इंच, म्हणजे सुमारे एक मीटर चढेल असं धरून किनारपट्टीचं नियोजन करावं. किनाऱ्यावर बांधकाम करणाऱ्यांचे आणि जमीनमालकांचे धाबे दणाणले. २०१२मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि तो आकडा नियमांसाठी वापरण्याला काही वर्षं मनाई केली. समुद्राला अर्थातच कायद्याची प्रत पाठवलेली नव्हती. अमेरिकेत केंद्रीय पातळीवरही तेच. २०१०मध्ये हवामानबदलाची माहिती देणारी वेगळी राष्ट्रीय सेवा स्थापन करण्याचा प्रस्ताव आला, त्याला जादा पैसाही लागणार नव्हता, असलेलीच कामं एका छताखाली आणायची होती. तरी २०११मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ती नाकारली. २०२५मध्ये तर राष्ट्रीय हवामान मूल्यांकनाचे अहवाल ज्या सरकारी संकेतस्थळावर होते तेच बंद झालं. ते अहवाल १९९०च्या कायद्याने बंधनकारक आहेत, म्हणजे कायदा असूनही संरक्षण अपुरं पडलं.

म्हणून सेवेच्या कायद्यात काही कलमं पहिल्या दिवसापासून हवीत. आकडा काढणारी संस्था आणि तो वापरून बांधकाम करणारं खातं एका मंत्र्याच्या हाताखाली नको. विदेच्या प्रती विद्यापीठांकडे आणि प्रांतांकडे आपोआप जात राहाव्यात, म्हणजे एका कार्यालयाला कुलूप लागलं तरी त्या नाहीशा होणार नाहीत. नगरपालिकेला राष्ट्रीय आकड्यापेक्षा वरचा घेण्याची मोकळीक असावी. खालचा घ्यायचा तर स्थानिक नोंदी दाखवून लेखी परवानगी घ्यावी लागावी. आणि प्रत्येक कोष्टकावर औषधाच्या बाटलीसारखी मुदत छापलेली असावी. मुदतीतलं कोष्टक पाळून सही करणाऱ्या अभियंत्याला पुढे पूर आला म्हणून वैयक्तिक जबाबदार धरता येणार नाही. मुदत उलटूनही नवं कोष्टक निघालं नाही, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून राष्ट्रीय संस्थेचं आणि तिचा निधी अडवणाऱ्या खात्याचं नाव लागेल. या शेवटच्या कलमाला अर्थ खातं सर्वांत जास्त विरोध करील, आणि मसुदा समितीतून ते गळणार नाही याकडे सर्वांत जास्त लक्ष ठेवावं लागेल.